गार बोटं

सरोजाला थकवा नवा नव्हता. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीतून निघून पहाटेची बस गाठायची, ओरत्तनाडूला उतरून दुसरी धरायची, कालव्याच्या कडेकडेनं नेल्लिक्कुडीच्या आरोग्य केंद्रात पोचायचं आणि दिवस कलला की तीच वाट उलटी तुडवायची. हे ती इतकी वर्षं करत आली होती की थकवा तिला घरातल्या माणसासारखा झाला होता. घरातलं माणूस कधी आलं, कधी टेकलं, याची कोण नोंद घेतं?

वय छप्पन्न. ठेंगणी, अंगानं भरलेली, केसांची मानेवर घट्ट गाठ. आवाज इतका हळू की पेशंटचे नातेवाईक तिच्याशी बोलताना आपोआप आपला आवाज खाली आणत. तिच्या घराण्यात मास्तर होते, कारकून होते, एक चुलते कोर्टात होते. नर्स कोणी नव्हतं. ती नर्सिंगला जाते म्हणाली तेव्हा आत्या म्हणाली होती, "परक्यांची घाण काढायला जाणार कां आमची पोर?" वडील रघोजीराव शाळेत ड्रिल मास्तर. ते कमी बोलत. त्यांनी एवढंच विचारलं, "जमेल कां?" ती "जमेल" म्हणाली आणि विषय संपला.

ती नर्सिंगला कां गेली हे रघोजीरावांना ठाऊक होतं. तिची धाकटी बहीण जयश्री पाच वर्षांची असताना हगवणीनं गेली. त्या काळी घरोघरी समज असा की जुलाबाला पाणी दिलं की जुलाब वाढतात. पोर पाणी मागत राहिली. आधी रडून, मग नुसते ओठ हलवून. दुपारनंतर ती गप्प झाली, हातपाय गार पडले, तेव्हा ताप उतरला, झोप लागली म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळचा दिवा लागायच्या आत सगळं आटोपलं होतं. पुढे नर्सिंगच्या वर्गात अंगातलं पाणी आटल्यावर काय काय होतं हे बाई फळ्यावर लिहीत होत्या, तेव्हा सरोजानं पेन खाली ठेवलं होतं. गार हातपाय म्हणजे ताप उतरणं नव्हे, हे तिला त्या दिवशी कळलं. नंतर तिनं ते शेकडो माणसांच्या अंगावर पाहिलं.

लग्न सतीशकुमारशी झालं. तो विमा कचेरीत होता, आता निवृत्त होऊन गल्लीतल्या मुलांना गणित शिकवतो. मुलगी भुवना कोयंबतूरला नोकरीला. घरी मराठी, बाहेर तमिळ, आणि भुवनाशी फोनवर दोन्हींची मिसळ. सरोजाची निवृत्ती जवळ आली होती. त्यानंतर काय करणार असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "झोपेन." लोकांना तो विनोद वाटायचा.

त्या वर्षी दीपावळीनंतर पाऊस हटेना. कालवे काठोकाठ भरले, मग काठ सोडून वाहू लागले. सांबा हंगामातल्या भाताची नुकती लावलेली रोपं पाण्याखाली गेली. नेल्लिक्कुडीच्या खालच्या वस्तीत गुडघाभर पाणी होतं, आणि त्या पाण्यात कुठंतरी पिण्याच्या पाण्याची नळी फुटली असावी. पहिल्या दिवशी दोघं-तिघं आले. दुसऱ्या दिवशी ओसरी भरली. खाटा पुरेनात म्हणून शेजारच्या शाळेचे दोन वर्ग उघडले, बाकं भिंतीला लावली, चटया पसरल्या आणि खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या.

केंद्रात डॉक्टर एकच, हरिप्रिया. वय सत्तावीस-अठ्ठावीस, तंजावूरचीच, सरोजाच्याच बोलीच्या घरातली. आजी-आजोबांचं मराठी ऐकत वाढलेली, पण तोंडातून तमिळच निघायचं. सरोजा कधीमधी मराठीत काही बोलली तर ती नीट समजून घेऊन तमिळमध्ये उत्तर द्यायची. दोघींना त्याची सवय झाली होती. दुसरी नर्स घरात पाणी शिरल्यामुळे अडकलेली. तिच्या गावचा रस्ताच बंद होता. मीठ-साखरेचं पाणी कालवायला एक आरोग्य सेविका होती. एवढ्यांवर सगळं चाललं होतं. रस्ते तुटल्यामुळे सरोजा दोन दिवस घरी गेली नव्हती. केंद्रातल्याच औषधांच्या खोलीत अंग टाकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आणलं. चालत आत आला नाही, पण बोलत होता. आपल्या शेताचं पाणी सोडणारी मोरी उघडली कां, हे मुलाला पुन्हा पुन्हा विचारत होता. रक्तदाब मोजला तर बरा वाटला. नाडी मात्र पळत होती आणि पावलं थंडगार. दोन्ही हातांना सलाईन लावलं. तो पाणी मागत होता, सरोजा चमच्यानं देत होती. मग मध्येच तो मोरीचं विचारायचा थांबला. हरिप्रियानं पुन्हा रक्तदाबाचा पट्टा बांधला तेव्हा ऐकू येण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तासाभरात तो गेला.

मुलगा दाराशी उभा होता. तो भांडला नाही. त्यानं एवढंच विचारलं की येताना ते बोलत होते, तुम्हीही प्रेशर बरं आहे म्हणालात, मग असं कसं झालं?

हरिप्रिया त्याच्याजवळ पायरीवर बसली. "अंगातलं पाणी गेलं की रक्त कमी पडतं," ती म्हणाली. "मग शरीर हातापायांचं, आतड्यांचं, मूत्रपिंडांचं रक्त काढून घेतं आणि मेंदूला, हृदयाला पुरवतं. शिरा आवळून धरतं, नाडी पळवतं. म्हणून प्रेशर बरं दिसतं, माणूस बोलतो. पण तेवढ्यावर किती वेळ निभावणार? सुटतं तेव्हा एकदम सुटतं. तुमच्या बाबांना इथं पोचायलाच उशीर झाला. रस्त्यात पाणी होतं, तुम्ही तरी काय करणार."

मुलानं मान हलवली. तो गेल्यावर हरिप्रिया तिथंच बसून राहिली. सरोजानं तिच्या हातात चहाचा पेला दिला.

"हे सगळं पाठ होतं मला, अक्का," हरिप्रिया म्हणाली. "पाहिलं आज."

"चहा घ्या," सरोजा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सरोजा उठली ती पोटात ढवळून. कशामुळे ते पुढेही कळलं नाही. आदल्या दिवशी कोणा पेशंटच्या बहिणीनं आग्रहानं ताकाचा पेला दिला होता तो तिनं उभ्याउभ्या प्यायला होता. कदाचित तो असेल, कदाचित आणखी काही. तिनं नेहमीप्रमाणे रक्तदाबाची गोळी घेतली आणि कामाला लागली. थोड्या वेळानं मागच्या संडासात जाऊन आली. मग पुन्हा. पोटात कळ नव्हती, नुसतं पाणी. उपाशी पोट आणि जागरण, असं तिनं मनाशी म्हटलं. मीठ-साखरेचं पाणी पेलाभर प्यायली. ते तसंच्या तसं उलटून आलं. तोंड धुऊन ती परत वर्गात आली तर नवा पेशंट दारात.

सांगायचं कोणाला? हरिप्रियाला सांगितलं असतं तर तिनं बसवलं असतं, आणि बसून कसं चालणार होतं? एक बाटली संपली की दुसरी लावायची, एकाचं भांडं उचललं की दुसऱ्याचं तयार. संध्याकाळी ओरत्तनाडूहून आणखी एक नर्स येणार होती. तोपर्यंत ढकलायचं, असं तिनं ठरवलं. आयुष्यभर ती 'तोपर्यंत' याच शब्दावर जगली होती. भुवना पहिलीत जाईपर्यंत, सासूबाईंचं दुखणं संपेपर्यंत, बदली होईपर्यंत.

अंजलैला आणलं ते सकाळीच, मोपेडवर नवरा आणि दीर यांच्या मध्ये दाबून बसवून. अंजलै भातलावणीची मजुरीण. चाळिशीची, काटक, दंडावर जुनं गोंदण. डोळे खोल गेले होते. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, कणकेसारखी. तिला भिंतीजवळच्या चटईवर झोपवलं. सरोजा शीर शोधायला बसली. एरवी अंधारातही तिच्या बोटांना शीर सापडायची. आज बोटांखाली काहीच लागेना. दोनदा सुई चुकली. तिसऱ्यांदा लागली, पण तोवर तिच्या पोटऱ्यांत असे गोळे आले होते की तिला भिंत धरून उठावं लागलं.

"अक्का, पाय दुखतात कां?" पलीकडून हरिप्रियानं विचारलं.

"तीन दिवस उभी आहे ना," सरोजा म्हणाली.

ते खरंही होतं. त्या दिवशी प्रत्येक गोष्टीला दुसरं एक खरं कारण होतं. तोंडाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटायला लागली. सकाळपासून बोलणं किती झालं होतं. लघवी झालीच नव्हती. प्यायलंच काय होतं की होईल? उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोखी यायची. पोटात अन्न नव्हतं. अंगाला वारं झोंबल्यासारखी थंडी वाजत होती. पावसाची झड खिडकीतून आत येतच होती. अंजलैची जाऊ एकसारखी "आता कसं आहे, आता कसं आहे" विचारत होती, तिच्यावर सरोजा फाडकन ओरडली. सगळा वर्ग वळून पाहू लागला. सिस्टरचा चढलेला आवाज तिथं कोणी ऐकला नव्हता. सरोजाला स्वतःलाच नवल वाटलं. मग तेही थकव्याच्या खात्यात टाकून तिनं पुढची बाटली टांगली.

शंका तिला आली नाही असं नाही. दुपारी औषधांच्या खोलीत ती कपाटाला टेकून उभी राहिली आणि स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाडी मोजली. बारीक लागली, पण वेग साधाच होता. अंगातलं पाणी इतकं गेलं असतं तर नाडी धावली असती. धावत नाही म्हणजे आपल्याला तसलं काही नाही. एवढ्या हिशेबानं तिला धीर आला. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन तळहाताकडे घसरलं होतं, ते तिनं वर सरकवलं आणि बाहेर आली.

त्यानंतर तिला बरंच वाटू लागलं. थंडी वाजायची थांबली. कळा नाहीत, घाई नाही. वर्गातला गलबला भिंतीपलीकडून यावा तसा लांब गेला. बाटलीतून पडणारे थेंब ती पाहत राहिली, आणि ते पाहत राहण्यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही. कोणीतरी "सिस्टर, सिस्टर" म्हणत होतं. जाऊ, असं तिनं मनात म्हटलं. पाय मात्र बऱ्याच वेळानं निघाले.

अंजलैपाशी बसून तिनं तिचा हात हातात घेतला. मघापर्यंत बर्फासारखा होता. आता चांगला ऊबदार लागला. कपाळ ऊबदार, पाऊलही. सरोजाला समाधान वाटलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हिच्या हाताला ऊब आली. सलाईन हळू करते. बाटल्या कमी आहेत, पलीकडच्याला लावू."

हरिप्रिया उठून आली. तिनं अंजलैचा हात धरला, मग दुसरा. नखावर अंगठा दाबून सोडला. पांढरं पडलेलं नख तसंच पांढरं राहिलं.

"अक्का, हात गारच आहे हिचा."

"नाही हो, पाहा ना." सरोजानं पुन्हा हात लावला. "ऊब आहे."

"गार आहे," हरिप्रिया म्हणाली. तिनं सलाईनची चकती पूर्ण मोकळी केली. मग सरोजाच्या तोंडाकडे पाहिलं, बहुधा त्या दिवसात पहिल्यांदाच नीट. सरोजाचे ओठ भुरकट झाले होते. डोळ्यांखाली खळगे. हरिप्रियानं काही न विचारता तिचा हात आपल्या हातात घेतला आणि पटकन सोडला, जसा चटका बसल्यावर सोडतात.

अंजलैचा हात गार होता, आणि सरोजाचा त्याहून गार. म्हणून तिला तो ऊबदार लागत होता.

"मौशी," हरिप्रिया म्हणाली. तीन वर्षांत तिनं सरोजाला उद्देशून उच्चारलेला तो पहिला मराठी शब्द. "मौशी, निजा. इकडे निजा तुमी. आता."

"संध्याकाळी ती नर्स येते ना," सरोजा म्हणाली. "तोपर्यंत..."

पुढचं वाक्य तिला आठवेना. ती अंजलैच्या शेजारच्या चटईवर बसली, आणि बसल्यावर आडवं होण्यासाठी काही करावंच लागलं नाही.

पट्टा दोनदा बांधला गेला. हरिप्रिया कानाला नळी लावून मान वाकवून ऐकत होती आणि तिचं तोंड आक्रसत चाललं होतं. तिनं आरोग्य सेविकेला हाक मारली, जाड सुया मागवल्या. एका दंडाला एक, दुसऱ्याला एक. दोन्ही बाटल्या तिनं हातानं दाबून धरल्या.

"सकाळपासून किती वेळा गेलात संडासला?"

"मोजलं नाही."

"प्रेशरची गोळी कोणती घेता?"

सरोजानं नाव सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच समजलं, आणि हरिप्रियाच्याही चेहऱ्यावर ते उमटलेलं दिसलं. ती गोळी नाडी धावू देत नाही. तिचं कामच ते. धोका आला की हृदयानं दौड घ्यायची असते. तिच्या हृदयाला रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं लगाम घालत होती, आणि दुपारी त्याच मनगटावर बोटं ठेवून आपण ठीक आहोत असा निवाडा देऊन बसली होती. हे ती दुसऱ्या कोणाच्या बाबतीत विसरली नसती. आलेल्या प्रत्येकाला ती विचारायची, काय गोळ्या चालू आहेत?

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," ती म्हणाली.

"माझ्याही," हरिप्रिया तमिळमध्ये म्हणाली. "बोलू नका."

सलाईनचं पाणी थंड होतं. ते दंडातून वर चढताना कळत होतं. अंग थडथड उडू लागलं तेव्हा कोणीतरी तिच्यावर गोधडी घातली. अंजलैच्या जावेची, हे पुढे कळलं, तीच जी सकाळी सरोजाची बोलणी खाऊन बसली होती. सरोजा छताकडे पाहत पडली. मनात भीती नव्हती. भीतीलासुद्धा थोडं रक्त लागत असावं. आळीपाळीनं काय काय बंद होत गेलं असेल ते तिला दिसत होतं. आधी कातडी, मग बोटं, आतडी, मूत्रपिंडं. कोणी कुरकुर केली नाही. जे आहे ते वर पाठवून सगळे गप्प राहिले होते. शेवटी डोक्यालाही कमी पडू लागलं, तेव्हा त्याला वाटलं, बरं वाटतंय.

पहिल्यांदा परत आली ती तहान. इतकी की तिला रडू आलं. आरोग्य सेविका चमचा ओठाशी धरून होती. सरोजा एक घोट घ्यायची, थांबायची, पुन्हा तोंड उघडायची. जयश्रीचे हलणारे ओठ तिला दिसले. ती इतक्या वर्षांत बहिणीसाठी अशी रडली नव्हती. आता रडायला डोळ्यांत पाणीही नव्हतं. नुसती छाती हलत राहिली.

मग बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. त्या टोचू लागल्या, आणि त्यांच्यामागून आला थकवा. खरा थकवा, हाडांच्या आतला. हे सगळं अंगात होतंच. जाणवायलाही ताकद नव्हती म्हणून इतका वेळ कळलं नव्हतं.

ओरत्तनाडूची नर्स दिवेलागणीच्या आधीच पोचली. ती आली त्याच गाडीनं सरोजाला तंजावुराला हलवलं. पाण्यातून वाट काढत गाडी हळूहळू गेली. हरिप्रिया बरोबर जाऊ शकत नव्हती. तिनं गाडीच्या दारात वाकून बाटली नीट टांगली आहे कां पाहिलं आणि म्हणाली, "मौशी, पोचलं की फोन करा." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन, "करायला सांगा," अशी दुरुस्ती केली.

हॉस्पिटलच्या दाराशी सतीशकुमार छत्री मिटून उभा होता. त्याला अशा जागी काय करावं हे कधीच कळलं नाही. इतकी वर्षं घरातलं दुखणंखुपणं तिनंच पाहिलं होतं, तो नुसता औषधं आणून द्यायचा. त्यानं तिचा हात धरला.

"अगे, हात एवढे गार कधीपासून तुझे?"

"ठाऊक नाही."

"जेवलीस कां?"

तिला हसायला आलं, पण हसू तोंडापर्यंत पोचलं नाही. तो तिच्या कॉटजवळ स्टुलावर बसून राहिला. भुवनाचा फोन आला तेव्हा तिकडून ती रडत होती आणि इकडून तो तिला सांगत होता की आईची लघवी अजून सुरू झालेली नाही, डॉक्टर त्याचीच वाट पाहताहेत. मूत्रपिंडांचं रक्त बराच वेळ तुटलं होतं. ती लगेच जागी होतील असं नव्हे, असं डॉक्टर म्हणाले होते. ड्रिल मास्तरच्या पोरीच्या लघवीची चौकशी सगळा वॉर्ड करत होता. दुसऱ्या दिवशी पिशवीत थोडीशी दिसली, चहासारखी काळपट. सतीशकुमारनं ती बातमी गल्लीतल्या चार घरांना फोन करून कळवली. ऐकून सरोजानं डोळे मिटून घेतले. लाजायलाही त्राण लागतं.

पुढचे दिवस मोजून-मापून पाणी आणि रोज रक्ताची तपासणी यात गेले. हळूहळू आकडे खाली आले. गोळी बदलली. घरी सोडलं तेव्हा पाऊस उघडला होता, आणि बऱ्याच शेतांत रोपं कुजून पुन्हा लावणी चालली होती असं कोणी सांगत होतं.

हरिप्रियाचा फोन आला. खालच्या वस्तीत आता नवा पेशंट नाही, नळी सापडली, टँकरनं पाणी येतंय, हे तिनं तमिळमध्ये सांगितलं. सरोजानं अंजलैचं विचारलं. ते विचारायला तिला अवघड जात होतं. त्या दुपारी तिचं सलाईन हळू झालं असतं तर काय झालं असतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"ती तुमच्या आधीच घरी गेली," हरिप्रिया म्हणाली. "जाताना विचारत होती, माझ्या शेजारी एक बाई निजली होती, माझ्यापेक्षा वाईट अवस्था होती तिची, ती जगली कां म्हणून. तुम्ही सिस्टर आहात हे तिला माहीतच नाही, अक्का. मी सांगितलं, जगली."

सरोजानं फोन खाली ठेवला.

पोंगलनंतर ती कामावर रुजू झाली. आणखी काही दिवस घरी राहा असं भुवना म्हणत होती, सतीशकुमारही म्हणत होता. पण केंद्रात दुसरी नर्स एकटीच होती, आणि घरी बसून तिला करमतही नव्हतं. पहिल्यांदा बसमधून उतरून कालव्याच्या कडेनं चालताना तिला दोनदा थांबावं लागलं. पूर्वी ती थांबली नसती. वाटेतल्या एका चहाच्या टपरीपुढच्या बाकावर ती बसली. ओळखीच्या बायका विचारत गेल्या, ती मान हलवत राहिली. केंद्रात पोचायला उशीर झाला. हरिप्रियानं सरोजाचा हात हातात घेतला, क्षणभर धरला आणि पेशंटकडे वळली. हे तिनं पुढे रोज केलं, उन्हाळ्यात पुढच्या शिक्षणासाठी ती मदुरैला जाईपर्यंत.

हात आता ऊबदार असतात. ताकद मात्र पूर्वीची आली नाही. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटू लागतात. सतीशकुमारला सार करता येऊ लागलंय. चिंच जरा जास्त पडते. रविवारी जेवणं झाली की तो गल्लीतल्या मुलांना बाहेरच्या खोलीत गणित सांगत बसतो. आत सरोजा फरशीवर पदर पसरून आडवी होते. अशाच एका रविवारी भाजीवालीनं दाराशी येऊन हाक मारली, पडवळ आहे, कोवळं आहे. एरवी सरोजा उठून गेली असती, भाव केला असता, पडवळ नखानं टोचून पाहिलं असतं. भाजीवालीनं पुन्हा हाक मारली. बाहेरून सतीशकुमारचा आवाज आला, "निजली आहे ती."

ती निजली नव्हती. पण ती उठली नाही.